फियाटच्या पोटातली सुपारी

शेवगावच्या कारभारी मिस्त्रीला दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. एक, इंजिनात पडलेली कुठलीही वस्तू हेड न खोलता बाहेर काढण्याचा. आणि दुसरा, दसऱ्याच्या दिवशी पान्याला हात न लावण्याचा. माणसाला अभिमान असावा, पण एकच असावा. दोन असले की ते कधी ना कधी आपसात भांडतात आणि मधल्यामध्ये माणूस चेपतो. कारभारीचं तेच झालं.

पहिला अभिमान तर त्याच्या गॅरेजच्या भिंतीवरच टांगलेला होता. एक लाकडी फळी, तिला ओळीने खिळे आणि खिळ्यांना अडकवलेल्या वस्तू. नट, वॉशर, केसातला आकडा, कानकोरणं, कुणाच्या तरी शर्टाचं बटण, एका ड्रायव्हरच्या गळ्यातला ताईत. कुठली वस्तू कुठल्या गाडीच्या पोटातून निघाली, हे गिऱ्हाईकाने विचारलं तरी तो सांगे आणि नाही विचारलं तरी सांगे. तारेच्या टोकाला चुंबकाचा तुकडा बांधून त्याने एक हत्यार केलं होतं. ते इंजिनात सोडताना तो डोळे मिटून घ्यायचा. डोळे मिटायची काही गरज नसायची, पण बघणाऱ्यावर छाप पडायची.

शिकवणही ठरलेली होती. "इंजिनाचं उघडं तोंड आन् तान्ह्या पोराचं उघडं तोंड, कशात काय जाईल नेम न्हाई. पुर्जा काढला की पैला भोकात फडक्याचा बोळा कोंबायचा. मंग बिडी पेटवायची."

दुसऱ्या अभिमानाची हकिकत जरा लांबची आहे, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मागच्या दसऱ्याला बेलापूरचे आप्पासाहेब पैठणहून घरी परतत असताना त्यांच्या फियाटचा पट्टा गॅरेजसमोरच तुटला. पट्टा बदलणं म्हणजे हातासरशी होणारं काम. पण गॅरेजात पाने, हातोड्या, जॅक सगळं पाटावर मांडून हळदकुंकू वाहून झालं होतं. कारभारी म्हणाला, "आज हत्यारं देवाची हायेत, माझी न्हाईत. उद्या सकाळी या." आप्पासाहेबांनी आधी गोडीने सांगितलं, मग आवाज चढवला, मग ओळखीच्या पुढाऱ्यांची नावं घेतली. कारभारी ढिम्म हलला नाही. शेवटी त्याची बायको लंकाबाई बाहेर आली आणि म्हणाली, "भांडायचं आसंल तर जेवून भांडा. पोळ्या गार होत्यात."

आप्पासाहेब जेवले. पंकजाने, म्हणजे कारभारीच्या मुलीने, पोळीवर तूप वाढताना हात आखडता घेतला नाही. रात्री अंगणातल्या बाजेवर आडवे होताना आप्पासाहेब स्वतःशीच म्हणाले, "ह्या काळात एवढा नेमाचा मानूस!" सकाळी पट्टा बसवून ते गेले ते डोक्यात पंकजाला घेऊनच गेले. उन्हाळ्यात त्यांच्या चेतनसाठी बघण्याचा कार्यक्रम झाला. चेतन संगमनेरला दूधसंघात नोकरीला होता. मुलीला मुलगा आवडला. मुलाला मुलगी किती आवडली, हे त्याच्या गाडीवरून कळत होतं. फियाटमधून कसलासा आवाज येतो म्हणून तो तीन वेळा शेवगावला आला. कारभारीने तिन्ही वेळा बॉनेटमध्ये डोकं घालून कान लावला, त्याला कधी आवाज सापडला नाही. लंकाबाईला तो पहिल्याच खेपेला ऐकू आला होता.

पण आप्पासाहेबांनी अजून होकार दिला नव्हता. त्यांच्या भावाने संगमनेरचं एक बडं स्थळ आणलं होतं, बंगलेवालं. आप्पासाहेब म्हणाले, "मला बंगला नको, शब्दाचा पक्का इवाई पायजे." आणि ही फियाट त्यांनी पूर्ण सर्व्हिसिंगसाठी कारभारीच्या दारात लावली. "दसऱ्याला मी आन् चेतन यष्टीनं येतो. सगळं ठीक वाटलं तर लग्नाची सुपारी फोडू आन् आपल्याच गाडीनं माघारी जाऊ. गाडी तयार ऱ्हाईल ना?"

"आदल्या दिशीच तयार," कारभारी छातीवर हात ठेवून म्हणाला. "कारभारीचा शब्द हाय."

मिस्त्री लोकांच्या शब्दाबद्दल मी काही बोलत नाही. ज्याने आयुष्यात एकदा तरी गाडी गॅरेजात टाकली आहे त्याला ठाऊक आहे.

तर आदल्या दिवशी काय झालं, कार्बोरेटर खोलून, धुऊन, लख्ख करून ठेवला आणि त्याचं पॅकिंग नगरहून यायचं होतं ते शेवटच्या एसटीने आलं. कारभारी दमला होता. म्हणाला, उद्या पहाटे उठून पूजेच्या आधी बसवू, दोन नटांचं तर काम. इंजिनाच्या भोकात त्याने नेमाप्रमाणे बोळा कोंबला आणि झोपला. फियाटचा कार्बोरेटर सरळ हेडवरच बसतो, म्हणजे ते भोक थेट इंजिनाच्या पोटात उतरतं. हे त्याला माहीत होतं. लंकाबाईला माहीत असायचं काही कारण नव्हतं.

पहाटे तो उठला, पण आधी आपट्याची पानं आणि झेंडू आणू म्हणून बाहेर पडला. बाजारात चार माणसं भेटली. कारभारी आणि चार माणसं एकत्र आली की फळीवरच्या वस्तूंच्या गोष्टी निघतातच. ताईताची गोष्ट तर त्याने दोनदा सांगितली.

इकडे लंकाबाईने विचार केला, पाव्हणे यायचे, पुरण घाटायचंय, पूजा तेवढी उरकून टाकावी. तिने हत्यारं मांडली. कार्बोरेटर एवढा चकचकीत दिसत होता की तोही पाटावर ठेवला, हळदकुंकू लावलं, वर झेंडू ठेवला. मग गाडीकडे वळली. बॉनेट उघडंच होतं. आत बघते तर ऐन सणाच्या दिवशी इंजिनात काळंकुट्ट, तेलकट फडकं! देवापुढं असली घाण! तिने ते दोन बोटांत धरून ओढलं आणि उकिरड्यावर टाकलं. शेजारच्या सपाट झाकणावर विड्याची दोन पानं मांडली, त्यावर तांदळाची चिमूट, त्यावर सुपारीचा गणपती. हळदकुंकू, अक्षता, फूल वाहिलं, हात जोडून "ये बाबा, बस" म्हणाली आणि आरतीचं ताट फिरवताना कोपराचा धक्का लागला. सुपारी झाकणावरून घरंगळली, भोकाच्या काठावर क्षणभर थांबली आणि टुक् करून आत गेली.

कारभारी पानं घेऊन आला तेव्हा लंकाबाई गाडीपुढे हात जोडून उभी होती.

"अवो, गनपती आत गेला."

"कुटं आत?"

तिने बोट दाखवलं. कारभारीने भोक बघितलं. मग तो भोकातला बोळा शोधू लागला.

"फडकं कुटाय?"

"टाकलं. सनाच्या दिशी आसली घान ठेवत्यात का कुनी?"

कारभारी मडगार्डवरच टेकला. त्याला पंकजाचा चेहरा दिसला, आप्पासाहेबांचा दिसला, संगमनेरचा न बघितलेला बंगलासुद्धा दिसला. मग सवयीने त्याचा हात चुंबकाच्या तारेकडे गेला. तार पाटावर होती, हळदकुंकू लावलेली, वर झेंडूचं फूल. शिवाय सुपारीला चुंबक काय करणार? उभ्या आयुष्यात त्याने लोखंडच काढलं होतं. बटण निघालं ते नशिबाने आणि ताईत निघाला तो तांब्याच्या पेटीत असूनही दोऱ्याला तार अडकली म्हणून, पण हे तो गोष्टीत सांगत नसे.

"हेड खोला की मंग," लंकाबाई म्हणाली.

"कशानं खोलू? दातानं? हत्यारं पुजलीस ना तू!"

"मंग गाडी तशीच चालू करा. भायेर उडंल."

"उडंल! व्हॉल्वात अडकंल, व्हॉल्व वाकडा हुईल. आन् देवाचा भुगा हुईल त्यो येगळा."

देवाचा भुगा म्हटल्यावर लंकाबाईने कानांवर हात ठेवले. कारभारीने बाह्या सारल्या. बाकी काही नाही तर देवाने दोन बोटं दिली आहेत. त्याने तर्जनी आणि मधलं बोट भोकात घातलं, गालाची कातडी इंजिनाला घासेपर्यंत वाकला, आणि त्याच्या तोंडावर हळूहळू हसू आलं. सुपारी लागली होती. दोन बोटांच्या चिमटीत ती बरोबर आलीसुद्धा. त्याने हात वर ओढला. सुपारी धरली की बोटांची पेरं फुगत होती आणि भोकात अडकत होती. सुपारी सोडली की बोटं सुटली असती. पण आलेली वस्तू सोडायची? कारभारीने?

"सोडा ती," लंकाबाई म्हणाली.

"न्हाई सोडत."

तिने आतून पोळीचं तूप आणून त्याच्या बोटांवर ओतलं. "अगं, इंजिनात तूप!" तो ओरडला. "देव आत हाय, निवद आत गेला तर काय बिघडलं?" असं म्हणून तिने उरलेलंही ओतलं. बोटं निघाली नाहीत. उलट ती ओढून ओढून सुजली, आणि आता सुपारी सोडली असती तरी निघाली नसती.

एवढ्यात बाहेर आवाज आला, "मिस्त्री! हायेत का घरात?"

आप्पासाहेब आत आले. पांढरंशुभ्र धोतर, कडक इस्त्रीची टोपी. मागे चेतन, हातात पेढ्यांचा पुडा आणि नजर घराच्या दारावर. लंकाबाई पदर सावरत स्वयंपाकघरात पळाली.

"या, या, आप्पासाहेब," कारभारी वाकूनच म्हणाला आणि डाव्या हाताने नमस्कार केला. "उठत न्हाई, तेवढी माफी करा."

आप्पासाहेबांनी पाटावरची हत्यारं बघितली, त्यांच्यावरचं हळदकुंकू बघितलं, आणि मग इंजिनात हात घातलेला कारभारी बघितला. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "मिस्त्री, दसऱ्याच्या दिशी काम? मागच्या साली मला तर पट्टा बसवून दिला न्हाई."

कारभारी कात्रीत सापडला. काम करतोय म्हणावं तर नेम मोडला. नाही म्हणावं तर गाडी तयार का नाही?

"काम न्हाई वो. नुस्ता हात ठिवलाय."

"कशाला?"

"मायेनं. गाडी बी लेकरागत असती."

चेतनने डोकं वाकवून बघितलं. "मिस्त्री, कार्बोरेटर कुटंय?"

"पूजेला बसलाय," कारभारी म्हणाला, आणि हे खरं असल्यामुळे त्याला जरा बरं वाटलं.

"दोन बोटं मायेनं आत कशाला घातलीत?" आप्पासाहेबांनी विचारलं.

तेवढ्यात पंकजा पाण्याचे तांबे घेऊन बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. बापाला असं खोटं बोलताना बघून तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही दाबायचं तर बोलणं भाग होतं. तांबे खाली ठेवून ती एका दमात म्हणाली, "आबांची बोटं अडकलीत. बोटात सुपारी हाय. ती सुपारी गनपती हाय, आयनं पूजा करताना आत पडली. हत्यारं पुजलीत म्हनून काढता येत न्हाई. आन् गाडी कालच तयार व्हायाला पायजे हुती, ती झाली न्हाई."

कारभारीला वाटलं, भोक मोठं असतं तर आपणही आत जाऊन बसलो असतो. फळीवर एवढ्या वस्तू टांगल्या, आणि पोरीचं लग्न आपल्याच बोटांनी बुडवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हात अडकल्यामुळे ते पुसताही येईना.

"खरं हाय," तो म्हणाला. "शब्द दिल्ता, पाळला न्हाई. पोरीचा काई दोष न्हाई त्यात."

आप्पासाहेबांनी त्याच्याकडे टक लावून बघितलं. "पान्याला हात लावला का?"

"न्हाई."

"एक पाना उचलून हेड खोलायला काय झालं हुतं? बघत कोन हुतं हितं?"

"त्योच तर बघतुया," कारभारीने डाव्या हाताने भोकाकडे बोट दाखवलं. "आतून."

आप्पासाहेबांचा चेहरा आधी तसाच राहिला. मग मिशी हलली, मग पोट हललं, आणि शेवटी ते टायरवर बसून इतके हसले की चेतनने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. हसू ओसरल्यावर डोळे पुसत म्हणाले, "मिस्त्री, आधी ती सुपारी सोडा."

कारभारीने सोडली. ती आत पडल्याचा आवाज आला तेव्हा त्याचा जीव कळवळला. तूप होतंच, आप्पासाहेबांनी मनगट धरलं, चेतनने कंबर धरली, आणि दोन बोटं सालपटं निघून बाहेर आली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून जळक्या गुळाचा वास सुटला. चुलीवर पोळीबरोबरची गुळवणी ठेवली होती, पण लंकाबाईचे कान बाहेरच्या बोलण्याकडे लागले होते, तिच्याकडे लक्षच राहिलं नाही. लंकाबाई रडकुंडीला येऊन बाहेर आली. तिच्या हातात पळी होती आणि पळीला पातेलं लटकत होतं. गुळवणीचा चिकट गोळा झाला होता आणि पळी काही सुटत नव्हती. "गुळवनी बी गेली! आता पाव्हन्यांना काय वाढू?"

कारभारीने लटकणाऱ्या पातेल्याकडे बघितलं. त्याने डोळे मिटले. या वेळी खरोखर विचार करण्यासाठी मिटले.

"पंकजे, कुडाची एक तुराटी उपटून आन. सरळ बघून."

तुरीच्या त्या वाळक्या काटकीच्या टोकाला गरम गुळाचा वाटाण्याएवढा गोळा लावला. कारभारी ती भोकात सोडणार तोच लंकाबाईने त्याचा हात धरला. "आसं न्हाई. बोलावून बसवलंय त्याला. चोरागत वढून काढता व्हय? आधी निरोप द्या."

निरोपाचा मंत्र घरात कुणाला येत नव्हता. आप्पासाहेबांना येत होता, त्यांच्या गल्लीच्या गणपतीची उत्तरपूजा तेच करायचे. त्यांनी टोपी नीट केली, इंजिनावर अक्षता टाकल्या आणि खणखणीत आवाजात मंत्र सुरू केला. शेवटी आलं, "पुनरागमनाय च."

"आप्पासाहेब," कारभारी काकुळतीला येऊन म्हणाला, "तेवढं सोडून म्हना! परत नका बोलवू त्याला हितं!"

"मंत्र अर्धा सोडता येत न्हाई," आप्पासाहेब म्हणाले. मग थोडा विचार करून भोकात वाकून म्हणाले, "देवा, परत ये, पन घरात ये. गाडीत नको."

तुराटी आत गेली. कारभारीने ती सुपारीवर टेकवून दाबून धरली. गूळ गार होऊन आवळेपर्यंत सगळे भोकावर वाकून उभे राहिले. मग तो हळूहळू वर ओढू लागला. भोकाच्या काठाशी हळदीकुंकवाने माखलेली, तुपाने चकाकणारी सुपारी दिसली, आणि नेमका तिथेच गूळ सुटला. पंकजाचा आणि चेतनचा हात एकाच वेळी पुढे झाला. सुपारी आत पडली नाही. ती कुणाच्या तळहातावर पडली, हे त्या दोघांनाही सांगता आलं नसतं, कारण हात एकमेकांत होते आणि ते काढायची कुणाला घाई नव्हती.

"बोळा!" कारभारी ओरडला. "आधी भोकाला बोळा!"

लंकाबाई उकिरड्याकडे धावली, पण त्याआधी आप्पासाहेबांनी डोक्यावरची कडक इस्त्रीची टोपी काढली आणि त्या तेलकट भोकात घातली. बेलापुरात त्यांना बोडक्या डोक्याने त्यांच्या बायकोशिवाय कुणी पाहिलेलं नव्हतं. कारभारी टोपीकडे बघतच राहिला.

"अडकित्ता हाय का घरात?" आप्पासाहेबांनी विचारलं.

लंकाबाईने अडकित्ता आणला, ताटात नवी कोरी सुपारी आणली. आप्पासाहेबांनी ती बाजूला सारली. "ही कशाला? निरोप दिलाय आता देवाला, उरली ती सुपारीच. हिनं एवढा तरास काढलाय, मान हिचाच." त्यांनी पंकजाच्या आणि चेतनच्या हातांतून सुपारी घेतली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि अडकित्त्यात धरली. खट् आवाज झाला. कारभारीच्या छातीतही काहीतरी खट्कन सुटलं आणि त्याला एकदम मोकळं वाटलं.

"फुटली," आप्पासाहेब म्हणाले. "झालो आपन इवाई."

प्रत्येकाला एकेक तुकडा मिळाला. त्याला पेट्रोलचा वास होता, जळक्या गुळाची चव होती आणि तुपाची बरीच. कुणी थुंकलं नाही. आप्पासाहेबांनी तर दाढेखाली घोळवून घोळवून खाल्ला.

"गाडीचं मातर..." कारभारीने चाचरत विषय काढला.

"गाडी उद्या," आप्पासाहेब म्हणाले. "मागल्या सालची बाज हाय ना अजून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हत्यारांवरची फुलं उतरवून कारभारीने कार्बोरेटर बसवला. फियाट दुसऱ्याच सेल्फला सुरू झाली आणि सबंध अंगणात पुरणपोळीचा वास पसरला. चेतनने बिचकत विचारलं, "आता आवाज येतोय का?"

"न्हाई," घरातून लंकाबाई म्हणाली. "त्यो आता लग्नापातुर बंद."

कारभारीच्या फळीवर त्या दिवसापासून एक खिळा रिकामा आहे. बाकीच्या वस्तूंच्या गोष्टी तो अजून दोन-दोनदा सांगतो. ह्या खिळ्याची मात्र एकदाच सांगतो, तीही कुणी विचारलं तर.

"ह्याला काय हुतं, मिस्त्री?"

"सुपारी हुती."

"मंग कुटं गेली?"

"आमी खाल्ली," कारभारी म्हणतो, आणि पोरीची खुशाली सांगायला लागतो.